अकरा ओळींचं फूल

भिंगारच्या बाजारात फुलवाल्या विजयमालाबाईंचं घर विचारलंत तर कुणीही दाखवेल, आणि वर्षातून दोन-तीन नवखे तिथं जाऊन पूजेचे हार मागतात. बाई चिडत नाहीत. कपाटातून एक काड्यापेटी काढतात, उघडून पुढं धरतात आणि म्हणतात, "हार न्हाई व्हायचा भाऊ ह्याचा." पेटीत हरभऱ्याच्या दाण्याएवढं कागदाचं कमळ असतं. माणूस डोळे बारीक करून बघतो, हसतो आणि खऱ्या फुलांच्या दुकानाकडं जातो.

बाईंचं नशीब पहिल्यापासूनच लंगडं, आणि हे मी उगाच म्हणत नाही. पाथर्डीकडच्या कोरड्या गावातला जन्म. आईबाप दर दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून कोपरगावकडं ऊस तोडायला जायचे. दहा वर्षांची असताना भरल्या गाडीचं चाक डाव्या पावलावरून गेलं. पाऊल वाचलं, पण मोळी उचलायच्या कामाची पोर राहिली नाही. मग आईनं तिला भिंगारला साळूमावशीकडं आणून सोडलं आणि त्याच गाडीनं परत गेली. साळूमावशीनं काही वर्षांनी तिला नगरच्या एका छापखान्यात बसून करायच्या कामाला लावलं. लग्नपत्रिकांना घड्या घालायच्या, पाकिटं चिकटवायची, वह्यांच्या पाठी बांधायच्या. खळ शिजवायला बाई तिथंच शिकल्या. गव्हाच्या पिठात चिमूटभर मोरचूद टाकला की कागदाला कसर लागत नाही, हे त्यांना सोळाव्या वर्षी माहीत होतं.

फुलांचं वेड तिथलंच. शाळेच्या भिंतीवर लावायचा एक तक्ता छापखान्यात छापला होता, देशोदेशीची राष्ट्रीय फुलं. रंग सरकले म्हणून शे-दोनशे तक्ते रद्दीत गेले. त्यातला एक बाईंनी घरी आणून भिंतीला लावला. नवरा भिमाजी लष्कराच्या बागेत माळी होता. तो तक्त्यापुढं उभा राहून सांगायचा, हे फूल असं बसत नाही, पाकळी देठापाशी अशी वळते. आणि भिंगार म्हणजे छावणीचा गाव. तमिळ, पंजाबी, मल्याळी, गोरखाली, सगळ्या मुलखांतली कुटुंबं इथं येतात आणि बदली झाली की रद्दी टाकून जातात. त्या रद्दीतून बाईंनी आपल्या कमळापासून सुरुवात केली. नोटेवर जेवढ्या भाषा, तेवढी कमळं, प्रत्येक कमळ त्या-त्या भाषेच्या कागदाचं.

कामाचे त्यांचे नियम होते, आणि नियमांच्या बाबतीत ही बाई एखाद्या सासूपेक्षा कडक. पहिला नियम, ओळ तोडायची नाही. लिहिलेली एक अख्खी ओळ पट्टीसारखी कापायची, तिला नखानं चुण्या पाडायच्या आणि तिच्यातूनच पाकळ्या वळवायच्या. एक ओळ, एक फूल. दुसरा, एका फुलात एकाच कागदाचा जीव. देठसुद्धा परक्या कागदाचा चालायचा नाही. त्याच कागदाच्या उरलेल्या तुकड्यांचा लगदा करायचा, त्यात खळ घालायची आणि सुईच्या टोकावर देठ वळायचा. तिसरा नियम असा, की कागदावर काय लिहिलंय ते कुणाला तरी विचारल्याशिवाय त्याला पातं लावायचं नाही. एकदा बाई एका तमिळ हवालदाराच्या बायकोकडं कागद घेऊन गेल्या, तर तो घासलेटचा जुना पास निघाला. त्याचंही कमळ झालं. पण विचारलं होतं.

भिमाजी काविळीनं गेला तेव्हा आदिनाथ नववीत होता. एकुलता एक. त्या सरकलेल्या रंगांच्या तक्त्यावरच तो देशांची नावं शिकला, आणि मोठा झाल्यावर म्हणाला, मला हे देश बघायचे. मुंबईला जाऊन सहा महिन्यांचं शिक्षण घेतलं आणि मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागला. विजयमालाबाईंनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "पोहाया येतं का तुला?" तो हसला. नगरच्या पोराला कुठलं येतंय.

चार वर्षं बरी गेली म्हणायची. बंदर लागलं की पोरगा त्या देशाचा कागद जमवायचा. बसचं तिकीट, साबणाचं वेष्टण, कॅलेंडरचं पान. सुट्टीवर येताना सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर ‘आई’ असं लिहिलेलं. एखाद्या देशाचा छापील कागद मिळाला नाही, तर बोटीवर त्या देशाचा जो कुणी सोबती असेल त्याच्याकडून तो हातानं लिहून घ्यायचा. एकानं त्याच्या आजीची प्रार्थना लिहून दिली, एकानं चक्क भाज्यांची नावं. आदिनाथ घरी येऊन एकेका कागदाचा अर्थ सांगायचा, मग बाई पातं हातात घ्यायच्या. इंडोनेशियाची जाई झाली, हॉलंडचा ट्युलिप झाला, कोरियाची जास्वंद झाली. काड्यापेट्या साठावर गेल्या.

पदौकचं त्याच्या मनात फार होतं. हे ब्रह्मदेशाचं फूल. पिवळं, बारीक, घोसानं येणारं. बोटीवर त्याच्या खोलीत तिकडचाच एक पोरगा होता, मिन नावाचा. आदिनाथ फोनवर म्हणाला होता, "आई, मिनकडनं पान लिहून आनतो. त्यांची अक्षरं जिलब्यांगत गोल हायती. घोस करायचा आपुन." बाई त्या पानाची वाट बघत होत्या.

शेवटचा फोन झाला तो संक्रांतीनंतरचा. पोरगा कंटाळलेला होता. म्हणाला, इथं काही नीट नाही, लोकांना राबवून घेतात, पुढच्या बंदरात उतरतो आणि येतो. बाई म्हणाल्या, "तीन महिनं राह्यल्यात. करार पुरा कर, मग ये." कुठल्याही आईनं हेच सांगितलं असतं. तो बरं म्हणाला.

फाल्गुनात मुंबईच्या एजंटाचा फोन आला. मग एक इंग्रजी कागद आला. तो दिरानं वाचला, आप्पासाहेबांनी. आप्पासाहेब म्हणजे शब्दाला शब्द लावून सांगणारा माणूस, समोर कोण बसलंय हे बघायची पद्धत नाही. भावकीतल्या चार माणसांदेखत त्यांनी वाचलं, की सदर खलाशानं भर दुपारी स्वतः होऊन समुद्रात उडी घेतली, शोध घेतला, मृतदेह मिळाला नाही, सोबत्यांच्या सह्या आहेत. कागदाची घडी घालत ते म्हणाले, "वहिनी, त्यानं तुमाला काई सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं की. येतो म्हणाला होता. बाईंनी तोंड उघडलं नाही, पण त्या क्षणापासून त्यांच्या मनानं एकच धरलं, की माझ्या शब्दानं पोरानं जीव दिला. गावात लोकांनी आपापलं जोडलं. कुणी म्हणे लग्न मोडलं म्हणून, कुणी म्हणे व्यसन. विहिरीत उडी घेणाऱ्याबद्दल जसं दबक्या आवाजात बोलतात, तसं आदिनाथबद्दल बोलायला लागले. दहाव्याला गर्दी झाली नाही. राग येतो हो असल्या माणसांचा, पण बाईंना आला नाही. त्यांना ते सगळं खरंच वाटत होतं.

महिन्याभरानं त्याची बॅग आली. वर यादी चिकटवलेली, आत सगळं उलथापालथ करून पुन्हा कोंबलेलं. कपडे, दाढीचं सामान, बूट. मोबाईल नव्हता. आणि तळाशी ती प्लास्टिकची पिशवी, ‘आई’ लिहिलेली. तिच्यात वेष्टणं, तिकिटं, जपानी कॅलेंडरची दोन पानं, आणि वहीतून फाडलेलं, हातानं लिहिलेलं एक पान. बॉलपेनची निळी शाई. जिलब्यांगत गोल अक्षरं.

पोरानं शब्द पाळला होता, असं बाईंना वाटलं. जायच्या आधी तेवढं पान मात्र लिहून घेतलं आईसाठी. त्या पानावर हात ठेवून त्या पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, शेजारची आरती धावत येईपर्यंत.

तीन महिने त्यांनी पिशवीला हात लावला नाही. मग एक दिवस बसल्या आणि सगळं संपवायचं ठरवलं. छापील कागदांचा अर्थ आरतीनं मोबाईलवर काढून दिला, तसा एकेक कागद लागला. पदौक शेवटी ठेवलं. ह्या हातानं लिहिलेल्या पानावर काय आहे हे मोबाईलला कळेना, आणि विचारायला कुणी नव्हतं. विचारायचं ते पोरगंच गेलं होतं. भिंगारात ब्रह्मदेशाचं कोण असणार? गाणं असेल, नाहीतर प्रार्थना, असं म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी न विचारता पातं लावलं. वरून एकेक ओळ सोडवली. अकरा ओळींची अकरा फुलं झाली, घोस भरला. खाली तीन-चार ओळी उरल्या, आणि समास. देठासाठी नेहमीसारखंच त्यांनी ते भिजत घातलं, कुटलं, लगदा केला. हळदीच्या पाण्याचा हात दिला. आजवरचं सगळ्यात सुंदर काम ते.

आरतीची मुलगी निकिता पुण्याला शिकते. दीड वर्षानं तिच्या कॉलेजात हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिनं बाईंच्या मागं लागून वीस पेट्या नेल्या. शनिवारी दुपारी तिचा फोन आला, पण ती नीट बोलेना. फक्त म्हणाली, "मावशी, मी उद्या सकाळच्या एसटीनं येते. त्या पिवळ्या घोसाला कुणी काही करू नका." घोस तर तिच्याकडंच होता. आपण काय बोलतोय ते पोरीला कळत नव्हतं.

रविवारी दहा वाजता ती पेटी छातीशी धरून आली. तिच्या वर्गात थिरी म्हणून ब्रह्मदेशाची मुलगी होती. प्रदर्शनात ती पदौकपाशी थांबली, भिंग मागितलं, आणि वळलेल्या पाकळीवर तिला दोन शब्द दिसले. एक ‘आई’. दुसरा तिच्या लिपीत लिहिलेलं परकं नाव, आदिनाथ.

"मावशी, ते गाणं नाहीये. पत्र आहे. तुम्हाला लिहिलेलं."

विजयमालाबाई उठल्या. त्यांनी चष्मा पुसला, बशीत कोमट पाणी घेतलं, कापसाचा बोळा घेतला. खळ पाण्यानं सुटते. शाई सुटते का हे त्यांनी आधी एका कोपऱ्यावर पाहिलं. बॉलपेन होतं, सुटत नव्हती. मग एकेक फूल त्यांनी उलगडलं. स्वतः. निकितानं मदतीला हात पुढं केला तर तो बाजूला सारला. एक फूल सुटायला दहा-बारा मिनिटं लागत होती. पट्ट्या काचेवर ओळीनं मांडल्या, निकितानं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल वर धरला, आणि पुण्याहून थिरी वाचायला लागली. तिचं हिंदी मोडकं होतं. अडली की इंग्रजीत सांगायची आणि निकिता मराठीत.

"आई, मी मिन. तुमच्या मुलाच्या खोलीतला."

पुढच्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, की बोटीवरचे साहेब बॅग तपासणार, म्हणून पत्र फुलांच्या कागदांत ठेवतोय. ते ह्याला कचरा समजतील. आदिनाथ सांगायचा, आई कुठलाच कागद विचारल्याशिवाय कापत नाही. म्हणून मला खात्री आहे, तुम्ही कुणाकडून तरी वाचून घ्याल.

निकितानं हे सांगताना मान खाली घातली. बाईंचा हात काचेवर तसाच राहिला.

तिसरी पट्टी. आदिनाथनं उडी मारली नाही.

"पुना सांग," बाई म्हणाल्या.

निकितानं पुन्हा सांगितलं. बाईंनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग पदराचं टोक तोंडात धरलं आणि पुढची पट्टी सरकवली.

कठड्याची साखळी महिनाभर तुटलेली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी त्याला सुरक्षेचा पट्टा न बांधता बाहेरच्या अंगाला रंग द्यायला उतरवलं. तो ज्याला धरून लोंबत होता तो दोर माझ्या हातात होता, मिननं लिहिलं होतं. बोट हलली आणि दोर माझ्या हातून सुटला. त्या दिवशी तो खुशीत होता. आईनं सांगितलंय करार पुरा कर, आता बावन्न दिवस राहिले, असं सकाळीच म्हणाला. तो पडल्यावर त्यांनी साखळी नवी लावली आणि आमच्या सह्या घेतल्या. मीही सही केली. मला माफ करा.

दहावी पट्टी. आता माझा करार संपतोय, मी घरी जातोय. मी कुठंही येऊन खरं सांगायला तयार आहे. पण ते मला विचारणार नाहीत, तुम्ही विचारायला लावा. मला फोन करा, मी वाट बघेन. आणि अकरावी पट्टी. बोटीवर मी दुसऱ्याच्या कागदांवर काम करतो, मिन हे माझं नाव नाही, त्या नावानं शोधू नका, मी सापडणार नाही. माझं खरं नाव, गाव आणि नंबर खाली लिहितो.

"पुढं?" थिरीनं मोबाईलमधून विचारलं. "आगे का दिखाओ."

निकितानं काचेकडं पाहिलं, मग पेटीत. "मावशी, खालचा कागद?"

विजयमालाबाईंनी पेटीतून देठ काढला आणि काचेवर ठेवला. बोटाच्या पेराएवढा, पिवळसर, सुईसारखा सरळ. निकिताला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ह्यात हाय," बाई म्हणाल्या. "समदं ह्यातच हाय."

त्यांनी देठ बशीतल्या पाण्यात सोडला. तो फुगला, विरघळला, तळाशी पांढुरका गाळ बसला. त्यात निळे कण होते. बाई भिंग घेऊन, सुईच्या टोकानं एकेक कण बाजूला करायला लागल्या. एवढासा कण, कुठं शाईचा ठिपका, कुठं वेलांटीचा तुकडा. निकिता म्हणाली, मावशी, राहू द्या आता. आरतीनं चहा आणून ठेवला, तो थंड झाला. चाळीस वर्षं कागदात गेलेल्या बाईला, लगदा पुन्हा कागद होत नाही, हे सांगायची गरज नव्हती. तरी त्या उन्हं उतरेपर्यंत सुई फिरवत राहिल्या, आणि मग सुई ठेवली.

पुढचं सांगण्यात काही राम नाही, पण सांगतो. अकरा पट्ट्यांचे फोटो घेऊन निकितानं कंपनीला लिहिलं. बोट विकली गेली होती, तिचं नावही बदललं होतं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, की पत्र कुणाचं हे सिद्ध होत नाही आणि प्रकरण बंद आहे. मुंबईचा एजंट फोन उचलत नव्हता. एकदा बाई निकिताला घेऊन तिथं गेल्या, तर त्या जागी चष्म्याचं दुकान होतं. आप्पासाहेबांनी पट्ट्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, ह्या चिटोऱ्यांवर कोन इश्वास ठिवील? आनि ती पोरगी सांगती तसंच लिवलंय कशावरनं?" माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी बाईंनी त्यांना पहिल्यांदा दारातूनच वाटेला लावलं.

थिरीनं आपल्या भाषेत मोबाईलवर मजकूर टाकला, फुलाच्या फोटोसकट, की हे पत्र लिहिणाऱ्यानं पुढं यावं. हजारो लोकांनी फोटो पाहिला. बहुतेकांनी फुलाचं कौतुक केलं. काहींनी विचारलं, विकत मिळेल का. मिन आला नाही. तिकडं लढाई चालू आहे, पोरं रानात गेलीत, कितीकांचे फोन बंद आहेत, असं थिरी म्हणाली. तिच्या सख्ख्या भावाचाही चार महिने पत्ता नव्हता.

पोरानं जीव दिला नाही, हे आता विजयमालाबाईंना कळलंय. एवढ्यानं तरी झोप लागेल, असं आरतीला वाटलं होतं. निकिता दिवाळीला आली तेव्हा तिनं तेच बोलून दाखवलं. म्हणाली, "मावशी, निदान तुमच्यामुळं नाही गेला तो. एवढं तरी समजलं."

बाई पट्ट्या ठेवलेली काच पुसत होत्या. हल्ली त्या दुसरं काम घेत नाहीत.

"माझ्या सांगन्यावरनं राह्यला त्यो, बावन्न दिस मोजत," त्या म्हणाल्या. "त्ये हाय माझ्या पदरात, त्याचं म्या बघून घीन. त्या दुसऱ्या पोराचं काय करू? दोर सुटला म्हनून रडत बसला आसंल. आईचा फोन यील म्हनून वाट बघत बसला आसंल, एक महिना, दोन महिनं. मी फोन केला न्हाई. त्याला वाटलं आसंल, आईनंबी मानलं, पोरानं उडीच मारली म्हनून."

बाईंनी काच पुसून झाल्यावर ती कपाटात ठेवली आणि पोरीला फराळाचं ताट वाढलं.